आगाखान महालांतील एक निर्णय

घरांतील वडील माणूस अंथरुणाला खिळतें, दुखणें महिनोन्‌महिने लांबतें, आणि एके दिवशीं डॉक्टर बाहेरच्या खोलींत येऊन मुलांना हलक्या आवाजांत विचारतात कीं, अजून एक उपाय शिल्लक आहे, तो करावयाचा का? हा प्रश्न ज्या घराला कधींच पडला नाहीं, असें घर विरळाच. रोगाचें निदान डॉक्टर करतात, औषधाचें नांवहि तेच सांगतात. परंतु ‘करावयाचा का’ या दोन शब्दांचें उत्तर त्यांच्या शास्त्रांत सर्वस्वीं सांपडत नाहीं. तें घरच्या माणसांना द्यावें लागतें. आणि एकदां दिलेलें उत्तर बरोबर होतें कीं चूक, ही शंका माणूस गेल्यावरहि वर्षानुवर्षें मनाला टोचत राहते.

या प्रश्नाचा एक प्रसंग आपल्या देशाच्या अलीकडच्या इतिहासांत असा घडला कीं, त्यांतील माणसें सर्वांच्या परिचयाचीं आहेत, आणि तेथें जें बोलणें झालें तेंहि पुढें प्रसिद्ध झालें. स्थळ पुण्याजवळचा आगाखान महाल, काळ १९४४ सालचा फेब्रुवारी महिना. रोगी कस्तुरबा गांधी, वय चौऱ्याहत्तर. उशाशीं पति आणि पुत्र. पुढ्यांत त्या काळचें सर्वांत नवें आणि सर्वांत दुर्मिळ औषध, पेनिसिलिन.

कस्तुरबा त्या महालांत पाहुण्या म्हणून आलेल्या नव्हत्या. ९ ऑगस्ट १९४२ रोजीं पहाटे गांधीजींना मुंबईस अटक झाली. त्याच दिवशीं सायंकाळीं शिवाजी पार्कवरील सभेसाठीं निघालेल्या कस्तुरबांनाहि सरकारनें पकडलें. प्रथम आर्थर रोडच्या तुरुंगांत आणि तेथून दोन दिवसांनीं पुण्यास, आगाखान महालांत, त्यांना आणण्यांत आलें. नांवाला महाल, भोंवतीं कांटेरी तारा आणि दारावर पहारा. त्या येऊन पुरता आठवडाहि झाला नव्हता, तोंच १५ ऑगस्टला महादेवभाई देसाई हृदयक्रिया बंद पडून एकाएकीं वारले. पंचवीस वर्षें घरच्या मुलासारखा वावरलेला माणूस डोळ्यांदेखत गेला आणि महालाच्या आवारांतच त्याचें दहन झालें. पुढच्या वर्षीं फेब्रुवारींत गांधीजींनीं एकवीस दिवसांचा उपवास केला. वृद्ध, आधींच दम्या-खोकल्यानें जर्जर झालेल्या शरीरावर आणि मनावर अशा आघातांचा परिणाम व्हावयाचा तो झालाच. १९४३ च्या अखेरीस कस्तुरबांना हृदयविकाराचे झटके येऊं लागले, आणि त्यानंतर त्या खऱ्या अर्थानें बऱ्या अशा झाल्या नाहींत.

औषध घ्यावें कीं न घ्यावें हा वाद गांधीजींच्या कुटुंबाला नवा नव्हता. १९०२ सालीं ते मुंबईस गिरगांवांत राहत असतां त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मणिलाल विषमज्वर आणि न्यूमोनिया यांनीं आजारी पडला. पारशी डॉक्टरांनीं अंडीं आणि कोंबडीचा रस्सा देण्यास सांगितलें. गांधीजींनीं तें नाकारून पाण्याच्या पट्ट्या आणि ओल्या चादरी यांचा उपचार केला. मुलगा बरा झाला. परंतु आपल्या मताची परीक्षा मुलाच्या जिवावर पाहण्याचा बापाला अधिकार काय, या विचारानें त्या रात्रींत ते किती व्याकुळ झाले होते, हें त्यांनीं आत्मकथेंत मोकळेपणानें नमूद केलें आहे.

दुसरा प्रसंग दक्षिण आफ्रिकेंतला, १९०८-०९ च्या सुमारचा, आणि तो खुद्द कस्तुरबांचाच. डर्बन येथें त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. प्रकृति इतकी क्षीण कीं, क्लोरोफॉर्म देण्याचीहि सोय नव्हती. ती वेदना त्यांनीं शुद्धीवर राहून सोसली. पुढें अशक्तपणा वाढला, तेव्हां डॉक्टरांनीं गोमांसाचा अर्क देण्यासाठीं जोहान्सबर्गला गांधीजींकडे टेलिफोनवरून परवानगी मागितली. गांधीजींचें उत्तर असें कीं, रोगिणी स्वतः कबूल असेल तर द्यावा, तिला विचारल्यावांचून नव्हे. रोग्याला असें विचारीत बसण्याची डॉक्टरांची तयारी नव्हती; आणि गांधीजी डर्बनला येऊन पोंचतात तों अर्क देऊनहि झाला होता. तेव्हां त्यांनीं प्रथम मुलाचें मत घेतलें आणि मग त्या क्षीण अवस्थेंतहि कस्तुरबांनाच विचारलें. त्यांनीं साफ नकार दिला; मनुष्यजन्म पुन्हां पुन्हां मिळत नाहीं, तो अशा खाण्यानें बाटवून घेण्यापेक्षां तुमच्या मांडीवर मरण आलेलें बरें, असा त्यांच्या बोलण्याचा भावार्थ होता. मग पावसाची भुरभुर चालू असतां त्यांना आगगाडीनें आणि पुढें झोळींत घालून फिनिक्सच्या आश्रमांत नेण्यांत आलें. तेथें एका स्वामींनीं येऊन, औषध म्हणून मांस घेण्यास शास्त्राची आडकाठी नाहीं, असें मनुस्मृतीच्या आधारानें समजावून पाहिलें. बाई आपल्या शब्दावरून हलल्या नाहींत.

याचा अर्थ गांधीजींनीं डॉक्टरी विद्येला उंबरठ्याच्या आंत कधीं येऊंच दिलें नाहीं असा नव्हे. १२ जानेवारी १९२४ च्या रात्रीं पुण्याच्याच ससून रुग्णालयांत कर्नल मॅडॉक यांनीं त्यांच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. त्या वेळीं गांधीजी येरवड्याचे कैदी होते. शस्त्रक्रिया चालू असतां विजेचे दिवे गेले आणि उरलेलें काम कंदिलाच्या उजेडांत पुरें करावें लागलें. या शस्त्रक्रियेला त्यांनीं स्वतः सहीनिशीं संमति दिली होती. तेव्हां १९४४ च्या निर्णयाकडे पाहतांना, हा माणूस औषधांचा शत्रूच होता, असें म्हणून मोकळें होतां येत नाहीं.

आगाखान महालांत उपचारांची वाण नव्हती, अडचण होती ती परवानगीची. कस्तुरबांच्या सेवेला डॉ. सुशीला नय्यर होत्या. डॉ. गिल्डर हे मुंबईचे नामांकित हृदयरोगतज्ज्ञ, १९३७ च्या मंत्रिमंडळांतील आरोग्यमंत्री. तेहि आतां राजबंदी असल्यानें तेथेंच होते. सरकारी डॉक्टर येऊन पाहून जात. शुश्रूषेसाठीं मनु गांधी आणि जयप्रकाश नारायण यांच्या पत्नी प्रभावतीबाई यांना दुसऱ्या तुरुंगांतून तेथें आणलेलें होतें. परंतु या आधुनिक औषधांनीं गुण येईना, तेव्हां रोगिणीच्या मनानें घेतलें कीं, निसर्गोपचारांचे पुण्याचे जाणकार डॉ. दिनशा मेहता यांना बोलवावें, आणि एखाद्या आयुर्वेदीय वैद्यालाहि दाखवावें. कोणत्याहि घरांत अशी इच्छा निघाली तर तासाभरांत निरोप जातो. येथें मात्र ती अर्जांवाटे सरकारी कचेऱ्यांत फिरली. गांधीजींनीं पत्रांमागून पत्रें लिहिलीं. अखेर फेब्रुवारींत दिनशा मेहता आले, आणि त्यांच्या मागोमाग लाहोरचे वैद्य शिव शर्मा आले.

वैद्यराजांना दिवसा येण्याची मुभा मिळाली, रात्रीं महालांत राहण्याची मिळेना. रोगिणीला रात्रींचीच अस्वस्थता अधिक. तेव्हां वैद्यराजांनीं महालाच्या मुख्य फाटकाबाहेर आपल्या मोटारींतच रात्र काढावी, गरज पडल्यास आंतल्या माणसांनीं अधिकाऱ्याला उठवावें, अधिकाऱ्यानें फाटक उघडवावें आणि मग वैद्यांनीं रोग्यापाशीं यावें, असा क्रम सुरू झाला. १६ फेब्रुवारीच्या पत्रांत गांधीजींनीं सरकारला स्पष्ट कळविलें कीं, वैद्याला रात्रंदिवस राहूं द्यावें; तें होत नसेल तर रोगिणीला तरी सोडावें; आणि तेंहि नको असेल तर मला दुसरीकडे हलवावें, म्हणजे तिचे हाल उघड्या डोळ्यांनीं हताशपणें पाहण्याची पाळी माझ्यावर येणार नाहीं. यानंतर परवानगी मिळाली. पण थोड्याच दिवसांत वैद्यराजांनींहि आपला उपाय चालत नसल्याचें सांगितलें आणि रोगी पुन्हां डॉक्टरांच्या हवालीं केला. म्हणजे निसर्गोपचार झाला, आयुर्वेद झाला, पाश्चात्त्य वैद्यक तर पूर्वींपासून होतेंच. तिन्ही मार्ग चालून झाल्यावर कस्तुरबांना न्यूमोनियानें गांठलें, आणि चौथी आशा विमानानें आली.

ही चौथी आशा काय होती, हें नीट समजल्यावांचून पुढील संवादाचें महत्त्व ध्यानांत यावयाचें नाहीं. १९२८ सालीं लंडनला अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीभोंवतीं जंतु मरतात असें आढळलें. त्या बुरशींतील द्रव्य वेगळें काढून माणसाला देण्याजोगें करण्याचें श्रेय ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि हीटली यांना आहे. १२ फेब्रुवारी १९४१ रोजीं अल्बर्ट अलेक्झांडर नांवाच्या एका पोलीस शिपायाला तें प्रथम रोगोपचार म्हणून देण्यांत आलें. तो झपाट्यानें सुधारूं लागला. पण सांठा इतका तुटपुंजा कीं, त्याच्या लघवींतून बाहेर पडलेलें पेनिसिलिन गाळून पुन्हां त्यालाच टोंचावें लागे. तेंहि संपलें आणि १५ मार्चला तो मरण पावला. पुढें अमेरिकेंत तें मोठ्या प्रमाणावर तयार होऊं लागलें. पण महायुद्ध ऐन भरांत असल्यानें बहुतेक माल सैन्याकडे जाई. १९४४ च्या आरंभीं हिंदुस्थानांत सामान्य रोग्याला त्याचें दर्शनहि दुर्लभ होतें. त्या वेळचें पेनिसिलिन तोंडावाटे देऊन उपयोग नसे, कारण पोटांतील आम्लानें तें निकामी होई. आणि टोंचलें तरी मूत्रावाटे कांहीं तासांतच शरीराबाहेर जाई. म्हणून दर थोड्या तासांनीं, रात्रंदिवस, सुई टोंचीत राहणें एवढाच मार्ग होता.

धाकटे चिरंजीव देवदास गांधी यांनीं खटपट करून हें औषध कलकत्त्याहून विमानानें पुण्यास आणविलें. मुलानें करावयाचें तें त्यांनीं केलें. आई समोर जात आहे, जगांतील नवें औषध हाताशीं आहे, तें न देतां बसून राहणें कोणत्या मुलाला साधेल? गांधीजींना पेनिसिलिन सुईनें देतात हें प्रथम ठाऊक नव्हतें. तें कळल्यावर त्यांनीं विरोध केला, आणि बापलेकांत बराच वेळ बोलणें झालें.

त्या बोलण्याचा सारांश देवदासांनीं स्वतःच पुढें प्रसिद्ध केला, आणि त्यांतील एक गोष्ट नेहमीं विसरली जाते. गांधीजींनीं केवळ मनाई करून प्रश्न मिटविला नाहीं. तूं हट्टच धरशील तर मी वाट सोडीन, असें ते मुलाला म्हणाले. मात्र तूं चुकतो आहेस, हेंहि त्यांनीं सांगितलें. त्यांचीं कारणें दोन होतीं. एक असें कीं, गेले दोन दिवस तिनें स्वतःच औषध आणि पाणी घेण्याचें नाकारलें आहे; ती आतां ईश्वराच्या हातीं आहे. दुसरें असें कीं, दर चार-सहा तासांनीं सुई टोंचून तूं मरणोन्मुख आईच्या देहाला यातना देणार आहेस, हें लक्षांत ठेव. यानंतर देवदासांना वाद घालवेना. औषधाच्या कुप्या तशाच राहिल्या. डॉक्टरांना या निर्णयानें मोठें सुटल्यासारखें वाटलें, अशी नोंदहि देवदासांनींच केली आहे.

२२ फेब्रुवारी १९४४, मंगळवार, महाशिवरात्र. दिवसाचा बराच वेळ गांधीजी पत्नीच्या बिछान्यावर बसून होते. मरणाच्या दारीं असलेल्या माणसाला आपल्या घरांतून जें शेवटचें दिलें जातें तें गंगोदक कस्तुरबांच्याहि मुखांत पडलें. सायंकाळीं साडेसातच्या सुमारास पतीच्या मांडीवर त्यांनीं प्राण सोडला. पस्तीस वर्षांपूर्वीं डर्बनला डॉक्टरांच्या खाटेवरून त्यांनीं जें मागितलें होतें तें अक्षरशः तसेंच घडलें. दुसऱ्या दिवशीं महालाच्या आवारांत, महादेवभाईंच्या समाधीशेजारीं, त्यांचें दहन झालें.

या निर्णयावर टीका झाली आणि आजहि होते. टीकेचा आधार असा कीं, पुढें अवघ्या दोन महिन्यांत, १९४४ च्या एप्रिलमध्यें, गांधीजींना हिवतापानें पछाडलें. त्यांनीं प्रथम नकार दिला आणि मग क्विनीन घेतलें. पत्नीला जें नाकारलें तें स्वतःला कसें चाललें, असा हा प्रश्न आहे, आणि तो उडवून लावण्याजोगा नाहीं. परंतु न्याय करावयाचा तर दोन्ही दुखण्यांतील अंतर पाहिलें पाहिजे. हिवताप हा क्विनीननें हटणारा रोग, तें औषध पोटांतून घ्यावयाचें, आणि रोगी उठून हिंडूं लागण्याची पुरी खात्री. कस्तुरबांचें हृदय कित्येक आठवडे आधींच थकलेलें होतें. न्यूमोनिया हा त्या दीर्घ दुखण्याच्या शेवटीं आला. पेनिसिलिन न्यूमोनियाच्या जंतूंना मारूं शकतें. थकलेलें हृदय नवें करणें त्याच्या शक्तीबाहेरचें आहे. जंतु हटले असते तर त्यांना आणखी कांहीं दिवस वा आठवडे मिळाले असते काय, याचें निश्चित उत्तर आज कोणी देऊं शकणार नाहीं. देवदासांचा आग्रह चुकीचा होता असें म्हणतां येत नाहीं, आणि गांधीजींचा नकार निर्दयपणाचा होता असेंहि म्हणतां येत नाहीं. आशा किती आणि यातना किती, याचा एकच हिशेब दोघांनीं दोन बाजूंनीं मांडला होता.

या प्रसंगांत इतिहासाच्या अभ्यासकाला आणि घरांतल्या कर्त्या माणसालाहि जी गोष्ट मोलाची वाटावी ती वेगळीच आहे. शेवटच्या संवादांत गांधीजींनीं पहिलें कारण दिलें तें स्वतःच्या तत्त्वाचें नव्हे, रोगिणीच्या वर्तनाचें. तिनें औषध नाकारलें आहे, असें ते म्हणाले. बोलण्याची शक्ति सरलेल्या माणसाचा तोच शब्द. मात्र हा शब्द पतीनें वाचला आणि पतीनेंच त्याचा अर्थ लावला. मुलाला त्याच मौनाचा वेगळा अर्थ दिसला असता तर? ग्लानींतल्या रोग्यानें तोंड फिरविणें ही इच्छा कीं दुर्बलता, हें ठरविणें सोपें नाहीं. डर्बनला प्रश्न स्पष्ट विचारला गेला होता आणि उत्तर स्पष्ट आलें होतें. त्यामुळें पुढें डॉक्टर रागावले, स्वामींनीं शास्त्र काढलें, तरी वादाला जागा उरली नाहीं. आगाखान महालांत महिन्याभरापूर्वीं वैद्य हवा असें कस्तुरबांनीं स्वमुखानें सांगितलें होतें, म्हणून त्यासाठीं सरकारशींहि झगडतां आलें. सुईच्या प्रश्नाची वेळ आली तेव्हां मात्र विचारण्याची वेळ टळून गेली होती.

पुढील काळानें या अडचणीवर कायद्याच्या वाटेनें उपाय शोधला. ९ मार्च २०१८ रोजीं भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें सन्मानानें मरण्याचा हक्क हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे असें ठरविलें. सुधारण्याची आशा नसलेल्या अवस्थेंत केवळ आयुष्य लांबविणारे कोणते उपचार आपल्याला नकोत, हें धडधाकट असतांनाच लिहून ठेवण्याचा प्रौढ माणसाचा अधिकार न्यायालयानें मान्य केला. आरंभीं या कागदासाठीं न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. २०२३ च्या जानेवारींत ती अट काढण्यांत आली, आणि आतां दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्याकडून तो साक्षांकित करून घेतां येतो. प्रत्यक्ष उपचार थांबविण्यापूर्वीं डॉक्टरांच्या दोन मंडळांनीं रोग्याची स्थिति तपासावयाची असते. आपल्या वतीनें निर्णय घेण्यासाठीं कोणाला नेमावयाचें, हेंहि त्या कागदांत लिहितां येतें. संपत्तीच्या मृत्युपत्राइतकाच हा कागद घराघरांत परिचयाचा झाला, तर कित्येक देवदासांच्या मनावरचें ओझें उतरेल.

पेनिसिलिनची पुढची हकीगतहि पुण्याच्याच परिसरांतली आहे. जें औषध कलकत्त्याहून विमानानें आणावें लागलें, तें देशांतच तयार करण्यासाठीं १९५४ सालीं पिंपरी येथें हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पिंपरी आगाखान महालापासून फार दूर नाहीं. न्यूमोनियाचा रोगी आतां वेळीं औषध मिळाल्यास बहुधा बरा होतो, आणि १९४४ सालीं जें नाकारलें गेलें तें आज कोणी क्वचितच नाकारील. परंतु औषधें वाढलीं म्हणून प्रश्न सरला नाहीं. तो पुढें सरकला. सुईच्या जागीं श्वास चालविणारें यंत्र आलें, मूत्रपिंडाचें काम करणारें यंत्र आलें, आणि बाहेरच्या खोलींत उभ्या असलेल्या मुलांना डॉक्टर आजहि तेच दोन शब्द विचारतात.

आगाखान महाल १९६९ सालीं राष्ट्राला अर्पण झाला. आवारांतील दोन समाध्यांपाशीं शाळेचीं मुलें रांगेनें येतात आणि फुलें वाहून जातात. ज्या घरांत एखादें वडील माणूस दुखण्यानें पडलें आहे, त्या घरच्यांना या स्थळाच्या इतिहासांतून आयतें उत्तर मिळणार नाहीं. एवढें मात्र मिळेल कीं, हा प्रश्न आईला किंवा वडिलांना स्वतःच विचारावयाचा असतो, आणि तो त्यांना बोलतां येत असतांनाच विचारावयाचा असतो. कस्तुरबांना तो एकदां विचारला गेला होता, आणि त्यांचें उत्तर त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत त्यांच्या घराला पुरलें.